मंगलमावशीचा क्लेम आणि मी लिहिलेला एक नियम

हेडफोन लावून ऐकणाऱ्यांचं स्वागत, आणि लोकलमध्ये रेंज जाते म्हणून इथे ब्लॉगवर वाचणाऱ्यांचंही. नेहमीप्रमाणे हे भागाचं लेखी रूप आहे. बोलताना जे अं, म्हणजे, अ‍ॅक्च्युअली झालं ते काढलंय. बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

आजचा विषय सांगितला की निम्मे लोक स्किप करतील, मला माहितीये. विषय आहे इन्शुरन्स. थांबा, थांबा! पॉलिसी विकायला आलेली नाही. मी इन्शुरन्स एजंट नाही, मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. बीटेक झालं, पुण्यात आले, आणि गेली पाच वर्षं ज्या कंपनीत काम करते ती विमा कंपन्यांसाठी क्लेमचं सॉफ्टवेअर बनवते. तुम्ही हॉस्पिटलचं बिल अ‍ॅपवर अपलोड करता ना, त्यानंतर पलीकडे जे काही चालतं, त्यातला एक छोटा तुकडा मी लिहिलाय. कंपनीचं नाव सांगणार नाही, क्लायंटचंही नाही. नोकरी टिकवायची आहे. (हसू)

या भागात दोन गोष्टी सांगते. एक, तुमचा क्लेम मशीनमधून कसा जातो. दुसरी, त्या मशीनमधल्या माझ्याच एका नियमात माझी मावशी कशी अडकली. दुसरी गोष्ट सांगायला मला जवळजवळ वर्ष लागलं.

डिस्चार्जची ती दुपार

घरातलं कोणी कधी ॲडमिट झालं असेल तर हा सीन तुम्हाला पाठ असेल. सकाळी राउंडला डॉक्टर येतात, म्हणतात, "आज घरी जायला हरकत नाही." सगळे खूश. पिशव्या भरल्या जातात, थर्मास धुतला जातो. मग नर्स सांगते, "अप्रूव्हल आलं की सोडतो." अकरा वाजतात, दोन वाजतात, पाच वाजतात. पेशंट कपडे बदलून बेडवर बसलेला, घरातला एक जण खाली टीपीए डेस्कसमोर उभा. डेस्कवरचा माणूस दर वेळी तेच सांगतो, "कंपनीकडून आलं नाही अजून."

टीपीए म्हणजे थर्ड पार्टी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. विमा कंपनी आणि हॉस्पिटलच्या मधला. बऱ्याच कंपन्या क्लेमची कागदपत्रं तपासायचं काम त्यांच्याकडे देतात, काही कंपन्या घरातच करतात.

या वाट बघण्यावर २०२४ मध्ये नियम आला. विमा क्षेत्राचा नियामक म्हणजे आयआरडीएआय. त्यांनी २९ मे २०२४ ला आरोग्य विम्याचं मास्टर सर्क्युलर काढलं. त्यात म्हटलंय की कॅशलेसची पहिली मंजुरी मागितल्यावर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा. आणि डिस्चार्जच्या वेळी हॉस्पिटलने अंतिम मंजुरी मागितली की तीन तासांत. उशीर झाला आणि त्यामुळे हॉस्पिटलने जादा पैसे लावले, तर ते कंपनीने भरायचे, तेही शेअरहोल्डर्सच्या पैशांतून.

आता तुम्हीच सांगा, एका तासात माणसं काय काय वाचणार? देशभरातल्या हॉस्पिटलांतून फॉर्म येतायत. कोणी स्कॅन करतं, कोणी मोबाईलवर तिरका फोटो काढतं, डॉक्टरांचं अक्षर तर तुम्हाला माहितीच आहे. त्यामुळे ऑटोमेशन आधीपासून होतंच, पण या तासाने सगळ्यांना पळायला लावलं. आमच्या ऑफिसमध्ये त्या पावसाळ्यात पिझ्झाचे एवढे रिकामे बॉक्स साठले होते की हाउसकीपिंगच्या मावशी वैतागल्या होत्या.

कागद आत गेला की काय होतं

सोपं करून सांगते. तुमचा कागद आला की आधी ओसीआर चालतं. म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून टेक्स्ट बनवायचं. मग सिस्टिम त्यातून कामाच्या गोष्टी उचलते. पेशंटचं नाव, वय, पॉलिसी नंबर, ॲडमिट झाल्याची तारीख, आजार, ऑपरेशन, रक्कम. आजाराला कोड असतो, आयसीडी-१० म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची यादी आहे, त्यातला. हॉस्पिटलला स्वतःचा आयडी असतो.

मग रूल इंजिन. ही काही जादू नाही, प्रश्नांची रांग आहे. पॉलिसी चालू आहे का? वेटिंग पिरिअड संपला का? या ऑपरेशनला किती दिवस ॲडमिट असणं साधारण आहे? रूमचं भाडं पॉलिसीच्या मर्यादेत आहे का? हा शेवटचा प्रश्न नीट लक्षात ठेवा. काही पॉलिसींमध्ये रोजच्या रूमभाड्याला मर्यादा असते. समजा मर्यादा ४ हजारांची आहे आणि तुम्ही ८ हजारांची रूम घेतली. लोकांना वाटतं वरचे ४ हजार आपण भरू, झालं. पण अशा पॉलिसीत डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्च वगैरे त्याच प्रमाणात कापला जाऊ शकतो. म्हणजे अर्धा. बिल बघून लोक चक्कर येऊन पडतात ते यामुळे.

सगळ्या प्रश्नांची उत्तरं सरळ आली की क्लेम माणसाचा हात न लागता पुढे जातो. आमच्या भाषेत स्ट्रेट थ्रू. आणि हे मी मनापासून सांगते, हे झालं की भारी वाटतं. रात्री दोन वाजता कोणाच्या तरी बाबांची मंजुरी काही मिनिटांत निघते, तेव्हा पलीकडे कोणी झोपेतून उठवायचं नसतं. मशीन "हो" म्हणायला फार चांगलं आहे. हे विसरू नका, कारण आता मी तक्रार करणार आहे.

एखादा प्रश्न अडला तर दोन रस्ते. एक, क्लेम माणसाकडे जातो. डॉक्टर असलेला किंवा अनुभवी क्लेम प्रोसेसर फाईल बघतो. दुसरा, सिस्टिम आपोआप "क्वेरी" पाठवते. अमुक कागद कमी आहे, तो द्या. हा दुसरा रस्ता स्वस्त आहे, कारण त्यात पलीकडच्या माणसाचा वेळ जात नाही. अलीकडच्या माणसाचा जातो.

ज्ञानेश्वर जमला

माझ्याकडे काम होतं नावं जुळवायचं. पॉलिसीवरचं नाव आणि हॉस्पिटलच्या कागदावरचं नाव एकाच माणसाचं आहे का? कारण साधं आहे. एकाच्या पॉलिसीवर दुसऱ्याने उपचार घ्यायचे, हा फ्रॉड खरंच होतो. त्यामुळे तपासणी हवीच.

पण आपली नावं! ज्ञानेश्वर घ्या. इंग्रजीत लिहिताना कोणी डी-एन-वाय ने सुरू करतं, कोणी जी-वाय ने, कोणी जे-एन ने. विठ्ठलमध्ये टी किती, एच किती. कोणी नाव आधी लिहितं, कोणी आडनाव आधी. मधलं नाव कधी वडिलांचं, कधी नवऱ्याचं, कधी नुसतं एक अक्षर. दोन नावं किती सारखी आहेत हे मोजायची पद्धत असते. एका नावाचं दुसरं नाव करायला किती अक्षरं बदलावी लागतात ते मोजायचं आणि त्यावरून शंभरपैकी गुण द्यायचे. मी त्यात मराठी नावांच्या स्पेलिंगचे प्रकार घातले, आडनाव-नाव उलटं असेल तर ते धरलं. ज्ञानेश्वर तिन्ही स्पेलिंगमध्ये पास झाला त्या दिवशी मी टीमला चहा पाजला होता.

८५ गुण मिळाले तर पुढे. कमी पडले तर क्वेरी. त्या क्वेरीचं वाक्यही मीच लिहिलं. इंग्रजीत होतं, मराठीत सांगते: "विमाधारक व रुग्ण यांच्या नावात तफावत आढळली. ओळख जुळवणारा पुरावा ३० दिवसांत अपलोड करावा." ते वाक्य टाईप करताना पूर्णविरामाच्या आधी माझ्याकडून एक जादा स्पेस पडली होती. रिव्ह्यूमध्ये कोणाच्या लक्षात आलं नाही. मला नंतर दिसलं, पण एका स्पेससाठी कोण परत रिलीज काढणार?

आणखी एक नियम होता. क्वेरीला उत्तर आलं नाही तर दोन रिमाइंडर, आणि ३० दिवसांनी क्लेम "क्लोज्ड". हा नियम मी लिहिलेला नव्हता. पण टेस्टिंग मी केलं होतं. तिकिटावरची हिरवी टिक माझी होती.

गौरीजेवणाच्या दिवशी

गेल्या वर्षी गणपतीत कऱ्हाडला घरी गेले होते. गौरी जेवायच्या दिवशी सगळ्या बायका स्वयंपाकघरात, आणि मंगलमावशी बाजूला बसून पुरणाच्या पाटावर फक्त हात फिरवतेय. मी विचारलं, "काय गं, तब्येत बरी नाही का?" तर आई म्हणाली, "अगं, तिचं जूनमध्ये पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. तुला सांगायचं राहूनच गेलं."

रात्री अचानक पोटात दुखायला लागलं, उलट्या. काका शेतावर होते, त्यामुळे मामाने गाडी काढली आणि जवळच्या हॉस्पिटलला नेलं. खडे होते, दुर्बिणीतून ऑपरेशन केलं. हॉस्पिटल कंपनीच्या नेटवर्कमध्ये नव्हतं, म्हणून सगळे पैसे भरून मग क्लेम करायचा होता. बिल झालं ७२ हजार. थोडे घरचे, बाकी बचत गटाचं कर्ज, शेकडा दोन रुपये महिना.

मी म्हटलं, "मावशे, पण तुझी पॉलिसी आहे ना? दर वर्षी भरतेस की."

ती म्हणाली, "केला होता क्लेम. एजंटाच्या पोराने मोबाईलवरून सगळं पाठवलं. कंपनीने नाही म्हटलं."

"का नाही म्हटलं?"

"आता ते कसं कळणार? मोठी कंपनी आहे, त्यांनी बघूनच ठरवलं असेल ना बाळा."

मी काकांचा फोन मागितला. पॉलिसीला त्यांचाच नंबर होता. रिचार्ज संपल्याचे, लोन मंजूर झाल्याचे, लॉटरी लागल्याचे, असे शेकडो न उघडलेले मेसेज. त्यात खाली खाली जात सापडला. इंग्रजीत. नावात तफावत आढळली, पुरावा ३० दिवसांत अपलोड करावा. आणि पूर्णविरामाच्या आधी एक जादा स्पेस.

(इथे रेकॉर्डिंगमध्ये मी थांबले होते. तो पॉज तसाच ठेवलाय.)

झालं काय होतं ते सांगते. मावशीचं माहेरचं नाव मंगल. १९९२ साली लग्न झालं, तांदळात अंगठीने नाव लिहिलं, वैशाली. पॉलिसी, आधार, सगळं वैशाली. पण त्या रात्री हॉस्पिटलच्या काउंटरवर नाव कोणी सांगितलं? मामाने. आणि भाऊ बहिणीला कोणत्या नावाने हाक मारणार? त्याने सांगितलं मंगल, आडनाव सासरचं. डिस्चार्ज कार्डवर मंगल, बिलावर मंगल, औषधांच्या पावत्यांवर मंगल. खरं सांगू? त्या वेळी मलाही तिचं पॉलिसीवरचं नाव आठवायला दोन सेकंद लागले. आयुष्यभर मंगलमावशीच म्हणत आलो आम्ही.

माझ्या नियमाने मंगल आणि वैशाली ताडून बघितलं. आडनाव जुळत होतं, तरी गुण कमी पडले. नियम अगदी बरोबर चालला होता. बग नव्हता. मंगल आणि वैशालीमध्ये किती अक्षरं बदलावी लागतात हे मोजून ती एकच बाई आहे हे कुठल्याही फॉर्म्युलाला कळणार नाही. ते कळायला एक फोन पुरला असता. "मावशी, मंगल कोण?" "मीच की!"

आमच्या टेस्ट डेटामध्ये हे कधीच का दिसलं नाही, तेही नंतर समजलं. तो डेटा होता मोठ्या कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसीचा. तिथे एचआर ओळखपत्र बघून नाव टाकतं आणि पेशंट खिशात हेल्थ कार्ड घेऊन जातो. मामाने गाडी काढून रात्री नेलेली मंगल त्या डेटात नव्हती.

"नाही" कोणीच म्हटलं नव्हतं

मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे. मावशी म्हणत होती कंपनीने नाही म्हटलं. पण रेकॉर्डला बघाल तर कोणीच नाही म्हटलेलं नव्हतं.

त्याच २०२४ च्या सर्क्युलरमध्ये एक फार चांगला नियम आहे. कंपनीच्या ठरलेल्या समितीच्या मंजुरीशिवाय आरोग्य विम्याचा क्लेम नाकारता येत नाही, आणि नाकारला किंवा पैसे कापले तर पॉलिसीच्या कोणत्या अटीखाली ते सांगावं लागतं. म्हणजे "नाही" म्हणायला माणूस लागतो, आणि त्याला कारण द्यावं लागतं. तिकडे अमेरिकेतही यावरून मोठा वाद झाला. २०२३ मध्ये प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने एका मोठ्या आरोग्य विमा कंपनीबद्दल बातमी केली होती की तिथले डॉक्टर सिस्टिमने बाजूला काढलेले क्लेम नाकारताना एकेका क्लेमला सरासरी १.२ सेकंद देत होते. पुढे कॅलिफोर्नियाने कायदाच केला, १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. उपचार गरजेचे नाहीत म्हणून नकार द्यायचा असेल तर निर्णय डॉक्टरने घ्यायचा, नुसत्या अल्गोरिदमने नाही.

सगळे "नाही"वर पहारा ठेवून आहेत. ठेवायलाच हवा. पण आमच्या सिस्टिमने मावशीला नाही म्हटलंच नाही. तिने फक्त एक कागद मागितला, अशा भाषेत जी मावशीला वाचता येत नाही, अशा फोनवर जो काका उघडत नाहीत. आणि मग ३० दिवस गप्प बसून फाईल मिटली. आमच्या डॅशबोर्डवर तीन चौकोन होते. हिरवा, मंजूर. लाल, नामंजूर. आणि करडा, क्लोज्ड. दर आठवड्याच्या मीटिंगमध्ये लाल चौकोन कमी झाला की टाळ्या व्हायच्या. करड्याबद्दल कोणी विचारायचं नाही. मीही नाही.

इथे थोडा इतिहास सांगते. १९५६ मध्ये एलआयसी स्थापन झाली आणि साठच्या दशकात तिथे मोठे संगणक आणायचं ठरलं, तेव्हा कर्मचाऱ्यांनी कडाडून विरोध केला. कलकत्त्यात तर संगणक आत येऊ नये म्हणून लोक इमारतीवर पहारा देत होते. त्यांची भीती होती नोकरी जाण्याची. आम्ही कॉलेजमध्ये हे वाचून हसायचो. आता मला त्यात अजून एक गोष्ट दिसते. तेव्हा खिडकीपलीकडे एक क्लार्क बसायचा. तो खेकसायचा, उद्या या म्हणायचा, जेवायला गेलेला असायचा, सगळं खरं. पण "अहो साहेब, मंगल माहेरचं आणि वैशाली सासरचं" एवढं त्याला सांगितलं की त्याला कळायचं. कारण त्याच्या घरीही तसंच होतं.

मग काय केलं

आधी मावशीचं. मी ठरवलं की ऑफिसच्या सिस्टिममध्ये तिची फाईल उघडायची नाही. ॲक्सेस आहे म्हणून घरच्यांची फाईल बघणं चूक आहे, आणि पकडले गेले तर नोकरी जाईल ते वेगळंच. सोमवारी मॅनेजरला सांगून टाकलं की माझ्या नात्यातला एक क्लेम आपल्या सिस्टिममधून गेलाय, मी त्याला हात लावणार नाही. आणि बाहेरून, कोणीही करेल तसंच केलं.

हॉस्पिटलकडून पत्र घेतलं की मंगल आणि वैशाली ही एकच पेशंट, नाव नातेवाइकाने सांगितल्याप्रमाणे लिहिलं गेलं. मावशीच्या लग्नाची नोंदणी त्या काळी कोणी केलीच नव्हती, त्यामुळे नोटरीकडे प्रतिज्ञापत्र केलं. शाळेचा दाखला जोडला, त्यावर मंगल आणि जन्मतारीख. आधार जोडलं, त्यावर वैशाली आणि तीच जन्मतारीख. हे सगळं कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल केलं. विषय लिहिला: क्लेम पुन्हा उघडण्याबाबत. पाच आठवडे गेले, दोनदा फोन केले. शेवटी काही किरकोळ वजावट होऊन पैसे खात्यात आले. मावशीने आधी बचत गटाचं कर्ज फेडलं. व्याजाचे गेले ते गेलेच.

तिला मी सांगितलं, तो मेसेज माझ्या कोडमधून आला होता. ती काय म्हणाली माहितीये? "म्हणजे तूच थांबवलास होय माझा पैसा?" आणि हसायला लागली. मला मात्र हसू आलं नाही.

मग ऑफिसचं. नावाच्या क्वेरीवरून क्लोज्ड झालेल्या क्लेमची यादी टीमने काढली, नावापुरती, बाकी तपशील झाकून. आकडा सांगणार नाही, तो माझा नाही. पण ती यादी बहुतेक बायकांची होती. वैशाली-मंगल, सुनंदा-शकुंतला, माहेरचं आडनाव-सासरचं आडनाव. स्पेलिंगच्या चुका फार थोड्या होत्या. ज्ञानेश्वर सुटला होता. त्याच्या बायकोचं कोणाला सुचलं नव्हतं.

मीटिंगमध्ये प्रॉडक्टवाल्याने विचारलं, "पण फ्रॉडचं काय?" प्रश्न रास्त आहे. म्हणून मी तपासणी काढा असं म्हटलंच नाही. तीन गोष्टी मागितल्या. एक, नाव जुळलं नाही पण जन्मतारीख, आडनाव, पत्ता जुळतोय, तर आपोआप क्वेरी न टाकता फाईल माणसाकडे जाऊ दे. दुसरी, करडा चौकोन होण्याआधी एक फोन झालाच पाहिजे. तिसरी, क्वेरी ग्राहकाच्या भाषेत जाऊ दे.

पहिली मान्य झाली. कोड मीच लिहिला. दुसरी अर्धी मान्य झाली, ठरावीक रकमेच्या वरच्या क्लेमसाठी. म्हणजे छोट्या रकमेचा माणूस अजून फोनशिवाय क्लोज होतो, आणि छोटी रक्कम कोणाला मोठी असते ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. तिसऱ्याचं तिकीट अजून बॅकलॉगमध्ये आहे. दर स्प्रिंटला मी ते वर ओढते, दर स्प्रिंटला ते खाली जातं. या आठवड्यात परत ओढलंय.

हां, आणि ती जादा स्पेस मी काढलेली नाही. राहू दे म्हटलं.

तुमच्या कामाच्या पाच गोष्टी

आता स्क्रीनशॉट काढा. हे आई-बाबांच्या ग्रुपवर टाका, गुड मॉर्निंगच्या फुलांपेक्षा उपयोगी पडेल.

१. हॉस्पिटलच्या काउंटरवर नाव पॉलिसीवर आहे तेच सांगा. घाईत मामा, दादा, शेजारी कोणी गेलं तरी त्यांच्या फोनमध्ये पॉलिसीचा आणि आधारचा फोटो असू दे. मी आमच्या घरच्या सगळ्यांना पाठवून ठेवलाय.

२. घरच्यांच्या पॉलिसीवर कोणाचा मोबाईल नंबर आणि कोणाचा ईमेल आहे, आज रात्री बघा. एजंटचा ईमेल किंवा बंद पडलेलं सिम असेल तर बदला. ऑटोमेशनच्या जगात तुमचा पत्ता म्हणजे तो नंबर.

३. क्वेरी म्हणजे नकार नाही. क्लोज्ड म्हणजेही नकार नाही. कंपनी नाही म्हणतेय असं वाटलं तर लेखी विचारा, पॉलिसीच्या कोणत्या अटीखाली? उत्तर मागायचा तुम्हाला हक्क आहे.

४. उत्तर पटलं नाही तर पायऱ्या अशा आहेत. आधी कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी. मग आयआरडीएआयचं बीमा भरोसा पोर्टल, किंवा त्यांचा टोल फ्री नंबर १५५२५५. आणि कंपनीने महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर विमा लोकपाल. लोकपालाची कार्यालयं पुण्यात आणि मुंबईतही आहेत. तिथे फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात. पण कंपनीच्या उत्तरानंतर एका वर्षाच्या आत जावं लागतं, त्यामुळे "बघू नंतर" करू नका.

५. नवीन पॉलिसी घेताना फॉर्म स्वतः वाचून भरा. बीपी, शुगर, जुनं ऑपरेशन, सगळं सांगा. एजंट म्हणेल "ते लिहू नका, प्रीमियम वाढेल." मशीनला तुमचं जुनं प्रिस्क्रिप्शन नंतर सापडतंच. आधीपासूनच्या आजारासाठी आता जास्तीत जास्त ३६ महिने थांबायला लावता येतं. आणि पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली की माहिती लपवली असं म्हणून क्लेम अडवता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी.

आणि तुमच्यापैकी जे माझ्यासारखे कोड लिहितात, त्यांच्यासाठी एकच. विमा असो, बँक असो, सरकारी योजनेचा फॉर्म असो. तुमच्या सिस्टिममध्येही कुठेतरी एक करडा चौकोन असेल. कोणी नाकारलेलं नाही, पण काम झालेलं नाही, अशा लोकांचा. उद्या ऑफिसला गेलात की तो उघडा आणि पहिली वीस नावं वाचा. आकडा बघू नका, नावं वाचा. मी ते आधी केलं असतं तर मंगलमावशीचं व्याज वाचलं असतं.

तुमच्या घरात असा कोणाचा क्लेम अडकलाय का? नावामुळे, तारखेमुळे, न वाचलेल्या मेसेजमुळे? कमेंटमध्ये लिहा. पॉलिसी नंबर आणि फोन नंबर मात्र टाकू नका, प्लीज. पुढच्या भागात तुमचेच प्रश्न घेऊ.

आणि हा भाग ऐकून झाल्यावर आईला एक फोन करा. विचारा, तुझं पॉलिसीवर नाव काय आहे? मला तरी उत्तर द्यायला दोन सेकंद लागले होते.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!